समोरच्याची बाजू

सबनीस मॅडमच्या शोकसभेत कुणी एक वाक्यसुद्धा खोटं बोललं नाही, तरीही मी अर्ध्यातून उठून बाहेर आले.

सभा आमच्या समाजाच्या शाळेत होती. जबलपूरच्या मराठी लोकांनी काढलेली, जुनी, आता नवी इमारत झालेली शाळा. कार्यकारिणीचे अध्यक्ष मोघे काका, रेल्वेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, माइक तोंडाशी धरून सांगत होते की डॉ. उषा सबनीस नसत्या तर ही शाळा आज उभी नसती. धर्म आणि शिक्षण यांच्या कायद्यातलं एवढं मोठं नाव आपल्या घरचं होतं. आपल्याला आपला हक्क त्यांनी मिळवून दिला. सगळं खरं. त्यांच्यामागच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी सुंदर अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं, बरोबर मधोमध. मॅडमनी फळ्याच्या मधोमध कधी अक्षर लिहिलं नाही. मधोमध त्या रेघ मारायच्या.

आणि भाषणात रानू नव्हती. रानू ही शाळेच्या मागच्या वस्तीतली मुलगी. तिला या शाळेनं पहिलीत घेतलं नाही. मॅडमना ती घेतली जायला हवी होती आणि ते त्यांना जमलं नाही. एवढीच गोष्ट आहे. ती सभेत कुणी सांगितली नाही, म्हणून मी सांगते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा संरक्षण कारखान्यात कामगार आणि युनियनचे लिहिते हात. दुसऱ्या घरांत पोरी पापड लाटायला बसत, मी पत्रकांच्या घड्या घालायला बसे. ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ हे मी बाराखडीच्या आधी वाचायला शिकले. पत्रकात माणसं दोन प्रकारची असतात, आपली आणि त्यांची. मॅडम कुठल्या प्रकारात बसतात, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

विद्यापीठाच्या विधी विभागात त्या शिकवत. आपण सगळं आयुष्य चार-पाच कलमांत काढलं, असं त्याच म्हणत. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवता येतो का, मुलाला त्याच्या मनाविरुद्ध प्रार्थनेला उभं करता येतं का, संख्येनं थोड्या असलेल्या लोकांना, मग ते धर्मानं थोडे असोत की भाषेनं, आपली शाळा आपल्या पद्धतीनं चालवता येते का. या प्रश्नांवरचे त्यांचे लेख दूरदूरचे वकील कोर्टात वाचून दाखवत. दिसायला मात्र बाई बुटकी, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावर काही पोचतच नसे. पहिल्या दिवशी मागून कुणीतरी ओरडलं, “मैडम, सुनाई नहीं दे रहा।” त्या फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, “जिसको सुनना है, वो आगे आ जाएगा।” आठवड्याभरात सगळा वर्ग पुढच्या चार बाकांवर दाटीवाटीनं बसू लागला.

स्वतःच्या घराण्याबद्दल त्यांचा एकच विनोद होता. “आम्ही सबनीस. मराठ्यांच्या फौजेची हजेरी लिहायला आमचे पूर्वज इकडं आले. फौज कधीची निघून गेली. आम्ही बसलोय हजेरी लिहीत.”

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. तास सुरू झाला की फळ्याच्या मधोमध वरून खाली सरळ रेघ. डावीकडे समोरच्याची बाजू, उजवीकडे आपली. आणि डावी बाजू भरल्याशिवाय उजव्या बाजूला खडू टेकवायचा नाही. शिवाय ज्याचं जे मत, त्याच्या उलट बाजूचं वकीलपत्र त्याच्याकडे. मझौलीहून आलेला तिवारी नावाचा मुलगा होता, गळ्यात तुळशीची माळ, सकाळी मंत्र म्हटल्याशिवाय चहा न पिणारा. शाळेतल्या सक्तीच्या प्रार्थनेविरुद्ध बोलायचं काम त्याच्याकडे आलं.

“मैडम, पाप लगेगा।”

“लगेगा तो मेरे नाम पे लिखवा देना। चलो, खड़े हो।”

तो उभा राहिला आणि इतकं चांगलं बोलला की आम्हीच गप्प झालो. बसताना त्यानं माळ मुठीत घट्ट धरली होती. मॅडमनी खडू त्याच्या हातात दिला आणि डावी बाजू त्यालाच लिहायला लावली.

मला त्यांनी एका देवस्थानाच्या विश्वस्ताची बाजू दिली. देवस्थानाच्या शाळेत आपल्याच पंथाची मुलं घेणारा विश्वस्त. मी उभी राहिले आणि त्याची अशी खिल्ली उडवली की वर्ग हसून हसून लोळला. मॅडम हसल्या नाहीत.

“लांजेवार, तू त्याची नक्कल करून राहिली. मी बाजू मांड म्हटलं होतं.”

“मॅडम, त्याला बाजूच नाही.”

“असं वाटतं तोपर्यंत तू बोलू नको. तो विश्वस्त इथं पहिल्या बाकावर बसला आहे असं समज. त्याला वाटलं पाहिजे, ही पोरगी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली बोलली. मग तो तुझी ऐकायला बसून राहील. त्याच्याआधी काहून बसावं त्यानं?”

मी घरी येऊन बाबांना हे तावातावानं सांगितलं. बाबांना मॅडम आवडत नसत असं नाही, त्यांना मॅडमची काळजी वाटे. विभागात एका बाजूचे लोक त्यांना धर्मबुडवी म्हणत आणि दुसऱ्या बाजूचे मठवाल्यांची वकील. दोघांनीही त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, आणि मॅडम म्हणत, “दोन्हीकडून तक्रार आली म्हणजे मी रस्त्याच्या मधोमध आहे.” बाबा ताटावरून मान वर करून म्हणाले, “मधात उभं राहणाऱ्याले ट्रक उडवते. सांगजो तुया मॅडमले.”

मी सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “बाबांना सांग, कडेला उभे राहिलेले काय वाचतात का?”

त्यांच्या हातांबद्दल सांगितलं पाहिजे. विभागात वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा होई. मॅडम वेळेवर येत, बूट काढून ठेवत, पूजा संपेपर्यंत उभ्या राहत, हात पाठीमागे बांधून. ना नमस्कार, ना पाठ फिरवणं. प्रसाद दिला तर घेत, खात. ग्वारीघाटावर दर आठवड्याला नर्मदेच्या आरतीलाही तशाच उभ्या. पायऱ्यांवर एका बाजूला, हात मागे. नावाडी, पुजारी, फुलवाल्या, सगळे त्यांना ओळखत. एकदा एका पुजाऱ्यानं मोठ्यांदा विचारलं, “मैडम जी, आप मानती हैं कि नहीं मानतीं? आज बता ही दो।”

“मैं यहाँ खड़ी हूँ, इतना तो दिखता है न महाराज?”

“हाथ काहे नहीं जोड़तीं फिर?”

“हाथ पढ़ाने के काम के हैं।”

पुजारी हसला आणि त्यांच्या कपाळाला टिळा लावायला पुढे झाला. त्यांनी कपाळ पुढे केलं. हात मागेच.

मला याचा राग येई. एकदा परतताना मी विचारलंच, “मॅडम, तुमचं स्वतःचं मत काय? एवढी वर्षं झाली, तुमच्या विद्यार्थ्यांना माहीत नाही.”

“माझं मत उजव्या बाजूला असतं,” त्या म्हणाल्या. “तास संपत आला की लिहिते.”

बऱ्याचदा तास आधीच संपत असे, हे मी तेव्हा बोलले नाही.

आता शाळेची गोष्ट. मी विद्यार्थिनी होण्याच्या बऱ्याच आधी ही शाळा मरायला टेकली होती. मुलं थोडी, मराठी माध्यम, आणि वरून हुकूम आला की मराठी बंद करा, शिक्षक दुसरीकडे पाठवतो. समाजातले वकील म्हणाले, इलाज नाही. मॅडमनी दाखवून दिलं की मध्य प्रदेशात मराठी लोक भाषेनं अल्पसंख्याक आहेत, आणि घटनेचं तिसावं कलम जितकं धर्मानं थोडक्यांचं, तितकंच भाषेनं थोडक्यांचं. त्यांनी लांबलचक अभिप्राय लिहिला, दोनदा भोपाळला जाऊन बसल्या, आणि शाळेला अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला. मराठी वाचली. तो अभिप्राय आणि प्रमाणपत्र दोन्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत फ्रेम करून लावलेली आहेत. समाजानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. नारळाची त्यांनी विभागातल्या सगळ्यांसाठी चटणी केली. शाल पुढे कित्येक वर्षं त्यांच्या स्कूटीच्या सीटवर उन्हाळ्यात पसरलेली दिसे.

“तिसावं कलम म्हणजे कुंपण,” त्या वर्गात सांगत. “रोप लहान असतं. शेळीनं खाऊ नये म्हणून काटेरी झाप लावतो ना, तसं.”

त्या निवृत्त झाल्या. मी वकिली सोडून लिहायला लागले. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, पिवळ्या बस आल्या, मराठी आठवड्यातून एक तास उरली. वार्षिक समारंभात मुलं मराठी स्वागतगीत रोमन अक्षरांत लिहिलेल्या कागदावरून म्हणत. मॅडमना पहिल्या रांगेत बसवलेलं असे. मी एकदा शेजारी होते. त्या पुढे वाकून एका मुलीच्या हातातला कागद वाचायचा प्रयत्न करत होत्या आणि गीत संपल्यावर टाळ्या वाजवायला विसरल्या.

सुनीता ग्वारीघाटावर फुलं आणि दिवे विकते. राहते शाळेच्या मागच्या वस्तीत. गरीब घरातल्या मुलांसाठी खासगी शाळांनी पहिलीतल्या काही जागा ठेवाव्यात असा कायदा आहे. आमची शाळा कुरकुरत का होईना तशी मुलं घेत असे. सुनीताची थोरली पूजा अशीच आत गेली आणि पाचवीपर्यंत पोचली. धाकट्या रानूची वेळ आली त्या वर्षी शाळेनं सांगितलं, यापुढे आम्ही ही मुलं घेणार नाही. आम्ही अल्पसंख्याक संस्था. वरच्या कोर्टानं अशा संस्थांना या कायद्यातून सूट दिली आहे.

सुनीता आरतीच्या वेळी मॅडमजवळ आली. रानू तिच्या पदराला धरून होती, पूजाचा जुना गणवेश घालून, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या.

“मैडम जी, गेट वाला बोलता है, इसका नहीं होगा। बड़ी का हुआ तो छोटी का काहे नहीं होगा? ये तो रोज बड़ी के साथ गेट तक जाती है। पूजा अंदर चली जाती है, ये वहीं खड़ी रहती है।”

“किसने बोला नहीं होगा?”

“वो बोले, कागज है दीवार पे। कोई बहुत बड़ी मैडम ने लिखा है।”

मी मॅडमकडे पाहिलं. त्या रानूच्या बाहीकडे पाहत होत्या. “अच्छा।” एवढंच म्हणाल्या.

त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. इतकं जळजळीत पत्रक मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. ‘मराठीच्या नावाखाली गरिबांना दार बंद! शाळेचा बेकायदेशीर कारभार!’ दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. खाली त्यांची सही असली तर सगळा समाज हलेल, हे मला माहीत होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“‘बेकायदेशीर’ काढ.”

“काहून?”

“कायदा त्यांच्या बाजूनं आहे, लांजेवार. मी सही केली तर खोटी सही होईल. ‘अन्याय’ लिही. त्याच्यावर मी सही करते.”

“मॅडम, अन्यायाला कोण भितं? लोकं फक्त बेकायदेशीरला भितात!”

“म्हणून तो शब्द खोटा वापरायचा?”

“रानू गेटबाहेर उभी आहे आणि तुम्ही शब्द निवडून राहिल्या!”

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, हात मागे. “मला दुसरं काय येतं?” त्या म्हणाल्या.

मी चिडून म्हटलं, “तुमचं कुंपणच शेत खाऊन राहिलं, मॅडम.”

“नाही गं. कुंपण शेत खात नाही.” त्या वळल्या नाहीत. “आत रोपच उरलं नाही. नुसतं कुंपण उभं आहे, आणि ते मी लावलं.”

पत्रक ‘अन्याय’ शब्दासह निघालं. खाली डॉ. उषा सबनीस. आमसभेच्या आधी बाबांनी आणि मी गेटवर वाटलं. लोकांनी आदरानं घेतलं, सहीकडे पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं.

आमसभा रविवारी सकाळी. बाहेरच्या गॅलरीत पोहे-जिलेबीची पातेली मांडलेली, वास सभागृहात येत होता. बाबा आजीव सभासद, म्हणून मी त्यांच्याबरोबर मागे बसले. मोघे काकांनी सुरुवातीलाच आमचं पत्रक वर धरलं.

“हे आपल्या मॅडमच्या सहीनं आलं. मी नीट वाचलं. मॅडम विद्वान आहेत, एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. बघा, यात कुठेही असं म्हटलेलं नाही की आपण कायद्याविरुद्ध काही करून राहिलो. अन्याय म्हटलंय. अन्याय ज्याचा-त्याचा असतो.”

लोक हसले. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला.

मग मॅडम उठल्या. माइक त्यांनी बाजूला केला, त्यांना तो कधी नीट धरता आला नाही. सरळ फळ्याकडे गेल्या. पांढरा फळा, हातात मार्कर. मधोमध वरून खाली रेघ मारली. मी मनात म्हटलं, आज नको. मॅडम, आज उजवीकडून सुरू करा.

त्यांनी डावीकडून सुरू केलं.

आणि काय बोलल्या! लहान समाज परमुलखात कसा राहतो ते सांगितलं. घरात एक भाषा, दाराबाहेर दुसरी, आणि दरवर्षी दाराबाहेरची भाषा एक पाऊल आत कशी येते. मुलं ऐकतात मराठी आणि उत्तर देतात हिंदीत, हे सांगितलं तेव्हा बायकांनी माना हलवल्या. स्वतःच्या घरात कोणाला बोलवावं हे घरच्यांनी ठरवायचं असतं. आज चार मुलं पाठवणारं सरकार उद्या शिक्षक पाठवेल, परवा पुस्तक. ज्यांनी ही शाळा वर्गणी काढून, सणावारी नाटकं बसवून उभी केली, त्यांच्या मनातली भीती खोटी नाही. एकेक मुद्दा त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात डावीकडे उतरत होता. मोघे काकांना एवढ्या वर्षांत हे असं सांगता आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मला आठवलं, समोरच्याला वाटलं पाहिजे, माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. त्याला वाटलं होतं.

डावी बाजू खालपर्यंत भरली. मॅडम सरकून उजवीकडे आल्या. मार्कर टेकवला. म्हणाल्या, “आता—”

पहिल्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मोघे काका उभे राहिले, त्यांच्यामागे पहिली रांग उभी राहिली. “याउप्पर बोलण्यासारखं काही उरलंच नाही!” ते गहिवरून म्हणाले. “मॅडमनी जे सांगितलं ते आपल्या सगळ्यांच्या मनातलं. पत्रकाचा विषय इथंच संपला. सभा संपली असं जाहीर करतो. पोहे थंड होऊन राहिले, चला!”

“मॅडमचं संपलं नाही!” मी मागून ओरडले. “अर्धंच झालं! बसा, अर्धंच झालं!”

“कुणाची पोर आहे?”

“लांजेवारची. पत्रकवाल्याची.”

“अच्छा, अच्छा.”

खुर्च्या सरकल्या. मॅडम काहीतरी बोलत होत्या, ओठ हलताना दिसत होते. आवाज तेवढाच होता जेवढा वर्गात असे. ज्याला ऐकायचं तो पुढे येईल. लोक गॅलरीकडे जात होते. दोघंतिघं पुढे आले, पण त्यांच्या पाया पडायला. मग कुणीतरी फोन काढला आणि मोघे काका त्यांच्या शेजारी, फळ्यासमोर, उभे राहिले. त्या फोटोत डावीकडे भरगच्च अक्षरं आहेत, उजवीकडे पांढरा कोरा भाग, आणि त्यात एक ठिपका, मार्कर टेकवला तिथला.

लोक पोह्यांवर लिंबू पिळत असताना मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं, रागानं. “काहून थांबल्या तुम्ही?”

“मी थांबले नाही, लांजेवार,” त्या म्हणाल्या. “ते उठले.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. ज्याचं उत्तर आयुष्यभर बरोबर आलं, अशा माणसाला एकदम चुकीचं उत्तर आल्यावर तो जसा पुन्हापुन्हा गणिताकडे पाहतो, तशा त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होत्या. “वर्गात कुणी उठत नसे,” त्या म्हणाल्या. मग, “वर्गात हजेरी असते.”

त्यांनी सोडलं नाही, हे मला सांगायचं आहे, कारण शोकसभेत तेही कुणी सांगितलं नाही. त्या मोघे काकांच्या घरी गेल्या. काकांनी त्यांना चांगल्या खुर्चीवर बसवलं, काकूंनी चिवडा दिला. “मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवलं,” काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. शिक्षण खात्यात गेल्या. तिथला अधिकारी त्यांचाच विद्यार्थी. उभा राहिला, चहा मागवला आणि त्यांच्याच अभिप्रायातला परिच्छेद त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला. मी म्हटलं कोर्टात जाऊ. म्हणाल्या, “जाऊ. त्यांचा वकील उभा राहील आणि माझा लेख वाचेल. मग मी काय वाचू?” जिथे जात, तिथे त्यांच्या आधी त्यांचंच लिहिणं पोचलेलं असे.

रानू सरकारी शाळेत गेली. तिथे दोन वर्गांना मिळून एक बाई आहेत, आणि त्यांना कधी मतदार याद्यांचं काम असतं, कधी कसलं. उरलेला वेळ रानू घाटावर. सुनीता मला म्हणाली, “मैडम जी ने तो कोशिश करी, दीदी। अब हमारी किस्मत।” मी तिला किस्मत या शब्दावरून केवढं भाषण दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईक आलं तशी वळली.

मॅडमच्या गुडघ्यांनी त्या पावसाळ्यात साथ सोडली. भाचा त्यांना इंदूरला घेऊन जाणार होता. जाण्याआधी त्यांना एकदा घाटावर जायचं होतं, म्हणून मी रिक्षा करून नेलं. त्या नेहमीच्या जागी, पायऱ्यांच्या कडेला, उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर नाही म्हणाल्या. हात मागे, एका हातानं दुसरं मनगट धरलेलं.

आरतीला अवकाश होता. रानू पानांच्या द्रोणांची टोपली घेऊन माणसांतून फिरत होती. “दिया ले लो, मैया का दिया!” आवाज खणखणीत, घाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. तिनं मॅडमना पाहिलं आणि पळत आली.

“टीचर, दिया!”

“मैं नहीं छोड़ती बेटा, तुझे तो पता है।”

“मत छोड़ना। पकड़ो बस। मेरे को माचिस जलानी है।”

आणि तिनं द्रोण पुढे केला. दोन झेंडूची फुलं, कणकेचा दिवा, तुपाची वात. मॅडमनी हात पुढे आणले. मी त्यांना ओळखत होते तेव्हापासून कुठल्याही देवासमोर पहिल्यांदा. रानूनं जीभ दातात धरून काडी ओढली, वात पेटवली, आणि तेवढ्यात कुणीतरी लांबून तिला हाक मारली. “अभी आई!” म्हणून ती गेली. टोपली, काडेपेटी, सगळं घेऊन.

शंख वाजला. पुजाऱ्यांनी मोठमोठी निरांजनं उचलली, लोक नदीकडे वळले, माणसांची दाटी पायऱ्यांवरून खाली सरकली. मॅडम तिथेच होत्या. द्रोण दोन्ही तळव्यांवर, छातीच्या उंचीवर. खाली ठेवला असता तर कुणाचा तरी पाय पडला असता. नदीत सोडणं त्यांना येत नव्हतं. वाऱ्यानं ज्योत आडवी होई तसा त्या एक हात थोडा वाकवून आडोसा करत आणि गर्दीत रानूला शोधत.

“लांजेवार,” त्या म्हणाल्या. आरतीच्या घंटांत मला ऐकू आलं नाही, मी जवळ गेले.

“हे मी कोणाला देऊ?”

मी पुढे हात केला, पण त्यांनी दिला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, जोडलेल्या हातांसारखे हात धरून, आणि वात खाली खाली येत होती.